आपलं म्हणजे कोणाकोणाचं

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते बाज ताणायचं. बाज लय सैल पडली होती, आडवं झालं की पाठ जमिनीला लागायची. उन्हाळा सरत आलेला. सकाळी अंगणात लिंबाखाली बाज ओढली. एकानं पाय लावून धरायचं, एकानं पायथ्याकडची दोरी ओढायची.

"तुमी नुसतं धरा," ती म्हणाली. "ओढायचं मी बघते."

"का? माझ्या हातात जोर न्हाई का?"

"जोर हाय. कुठं थांबायचं ते कळत न्हाई."

मग ओढता ओढता तिनं मोजणीचा विषय काढलाच. मोजणीवाला साहेब पुढच्या आठवड्यात येणार होता. आमच्या आणि माझ्या चुलतभावाच्या, किसनच्या रानामध्ये एक धुरा आहे. धुरा म्हणजे दोन रानांमधला मातीचा बांध. दर नांगरटीला तो थोडा थोडा कोरला गेला आणि त्यापायी आमचं बोलणं बंद झालं. त्याला बरीच वर्षं झाली. शेवटी मी सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. तिला ते अजिबात पसंत नव्हतं.

"मोजल्यावर तुमचं रान जास्त निघालं तर?"

"तर घेणार."

"आन किसनभाऊजीचं जास्त निघालं तर?"

"तसं व्हनार न्हाई."

"हां," ती म्हणाली, आणि दोरीला गाठ मारली. "सगळे राजे असंच म्हणले आसतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ती त्याच बाजेवर आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, तिचं हृदय चांगलं होतं, तोंड फटकळ होतं.

मी चार यत्ता शिकलेला माणूस. लिहिताना वाकडंतिकडं झालं तर झालं. तिच्याबद्दल गावात लोक म्हणायचे, बाई जरा हललेली आहे. मला तसं वाटलं नाही. पण सोपी बाई नव्हती, हे मी अंगावर काढलेलं आहे.

तिचा एक सवाल होता, तो ती कोणालाही टाकायची. कोणी "आपलं" म्हणालं की हिनं मान वर केलीच. निवडणुकीला माणसं आली, म्हणाली, काकू, आपलं सरकार येणार. ही म्हणाली, "आपलं म्हणजे कोणाकोणाचं? नावं सांगा." शाळेत पोरांना कोणी सांगितलं, आपला देश महान. ही खिडकीतून, "आपला म्हणजे कोणाकोणाचा, बाळांनो? त्या वीटभट्टीवरच्या पोरीचा बी का? मंग ती भाईर का उभी हाय?" ती पोर परमुलखातल्या मजुराची. मास्तर चिडले. पण पोरगी आत बसली. पुढं भट्टी उठेपर्यंत बसली.

मला घरात याचा लय त्रास झाला. मी म्हटलं, आपल्या घरात असं चालत नाही, तर ती म्हणायची, "आपल्या म्हणजे?"

लग्न झालं तेव्हा मी पाणी बसल्या जागी मागायचो. सगळेच मागतात. ती दोन्ही हातांनी तांब्या धरून, कमरेत वाकून, "जी सरकार" म्हणून आणायची. पावण्यारावण्यांसमोर. एकदा माझ्या मामासमोर म्हणाली, "इंग्रज गेला, निजाम गेला, तुमी कवा जायलात?" मामा हसून हसून बाजेवरून घसरला. तेव्हापासून मी पाणी हातानं घेतो. त्यात मोठेपणा काही नाही, लाज होती.

पण ती स्वतः काही साधी नव्हती. नळावर बायकांची रांग तीच लावायची, कोणाची घागर पुढं, कोणाची मागं, सगळा कारभार. मी एकदा म्हटलं, "लोकाला ग्यान सांगतीस आन तिथं महाराणी तूच."

"म्हणून तर कळतंय मला," ती म्हणाली. "हुकूम गोड लागतो. गुळावानी. थांबायला कुणीतरी हात धरावा लागतो."

आमच्या मुलाचं लग्न झालं. सून घरात आली त्याच्या तिसऱ्या दिवशी हिनं स्वयंपाकघर तिला देऊन टाकलं. डबे, चूल, गॅस, मिठाची बरणी, सगळं. आणि स्वतः ओसरीवर येऊन बसली. गावात बोभाटा झाला, सासूसुनेचं वाजलं. माझ्या बहिणीनं मानवतहून फोन केला, काय झालं म्हणून. काही झालं नव्हतं. ही म्हणाली, "माझ्या सासूनं माझ्यावर राज्य केलं. ती गेली. आता मी हिच्यावर केलं तर राज्य कुठं संपलं? नुसता राजा बदलला. मंग आनंद कशाचा करायचा?"

तिला जमलं का? अर्धंच. वरण लागायला लागलं की ही ओसरीवरून जोरजोरानं खोकायची. सून बाहेर येऊन विचारायची, "आत्याबाई, काही सांगायचंय का?"

"मी सल्ला देत न्हाई. खोकला हाय."

सून आत जाऊन गॅस बारीक करायची. पुढं पुढं सून नुसता खोकला ऐकून ओळखायची, मीठ का मिरची का करपलं. मी म्हटलं, हे कसलं स्वातंत्र्य दिलंस गं तू? ती म्हणाली, "इंग्रज बी गेल्यावर असाच खोकत आसंल. सवय जायला वेळ लागतो."

टीव्हीवर लढाईच्या बातम्या लागल्या की तिला उत्साह यायचा. कुठला तरी मोठा देश लहान देशात घुसलेला. नकाशा, त्यावर लाल बाण. तिला देशांची नावं येत नव्हती. ती बाणांकडं बघायची.

"हा तर धुरा कोरायलाय."

मुलगा म्हणायचा, "माय, ते इतकं सोपं नाही. तो म्हणतो, जुन्या काळी ती जमीन त्यांचीच होती."

"जुन्या काळी म्हंजे कवापासून धरायचं? लय मागं गेलं तर आपलं रान बी बोरीबाभळीचं व्हतं. त्यांनी अर्ज टाकला तर कुठं जाशील?"

"माय, तिथं अणुबाँब आहेत."

"मंग धुरा तरी राहतोय का रे? भांडायला बी काहीतरी ठेवा म्हणावं."

एकदा परभणीहून एक तरुण पाहुणा आला होता, सुनेच्या नात्यातला. चांगला मुलगा, भाषेचा अभिमानी. त्यानं समजावलं की आपल्या मराठीत निजामाच्या राज्यातले परके शब्द घुसलेत, ते काढून भाषा शुद्ध केली पाहिजे. कोणकोणते, असं हिनं विचारलं. त्यानं सांगितलं, जमीन परका, हद्द परका, नकाशा, अर्ज, दावा, वकील, तारीख, सगळे परके.

ही टाळी वाजवून उठलीच. "काढ बाबा, आजच काढ! ह्यांचं आन किसनभाऊजीचं भांडण बसल्या जागी बंद पडतंय. एक शब्द शिल्लक राहत न्हाई!"

पाहुणाही हसला. जाताना मला म्हणाला, "काका, मुद्दा पटला नाही, पण काकू भारी आहेत." मला दोन्ही पटलं नाही. मी त्या दिवशी वकिलाकडून आलो होतो.

एवढं ऐकून कोणाला वाटेल, तिला देशाचं काही नव्हतं. तसं नाही. सतरा सप्टेंबरला, आमच्या मराठवाड्याच्या झेंड्याच्या दिवशी, ती सगळ्यांत आधी पंचायतीसमोर जाऊन उभी राहायची, धुवट लुगडं नेसून. झेंडा वर गेला की तिच्या डोळ्यांतून पाणी. आणि घरी आली की तिची पेवाची गोष्ट.

तिचं आजोळ चुडाव्याकडचं. तिची माय लहान होती तेव्हा निजामाच्या शेवटच्या दिवसांत गावावर धाडी पडायच्या. तेव्हा घरातल्या बायका आणि पोरं पेवात उतरायच्या. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेला खोल खड्डा, वरून दगड. ते पेव त्यांचं नव्हतं. शेजारच्या मुसलमान घराचं होतं. त्या घरची बाई वरून दगड लावायची आणि त्याच दगडावर सूप घेऊन पाखडत बसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, सगळे पळून गेले. मग फौज आली, निजाम गेला, आणि थोडे दिवस वारं उलटं फिरलं. आता त्या बाईची पोरं त्याच पेवात, आणि दगडावर सूप घेऊन हिची आजी.

"माय म्हणायची," ती सांगायची, "पेवात उतरल्यावर कोणाचंच राज्य दिसत न्हाई. वर कोण बसलंय तेवढंच बघायचं."

मी एकदा वैतागून म्हटलं, "म्हंजे ते स्वातंत्र्य खोटं का काय?"

ती एवढी चिडली की तिनं हातातलं ताट आपटलं. "खोटं कोण म्हणलं? माझ्या मायचा भाऊ गेला त्याच्यापायी. घरातून गेला, त्यो आलाच न्हाई. नुसता राजा बदलायला बी माणसं मेली, हसू नका. झेंडा वर चढला की मला रडू येतंय. पर रडू येतंय म्हणून इचारायचं बंद करू का?"

मी ताट उचलून ठेवलं.

किसनशी माझं बोलणं बंद झालं तेव्हा हिनं बंद केलं नाही. किसनची बायको तिची जाऊ. दोघी भर दुपारी धुऱ्यावर, बाभळीच्या सावलीत, डबा उघडून बसायच्या. एकीचे पाय इकडच्या रानात, एकीचे तिकडच्या. मी लांबून ओरडलो, "लोकं हसायलेत आपल्याला!"

"तुमी भांडण काढलं तवा आमाला इचारलं होतं का?" ती तिथूनच ओरडली. "आमची सही न्हाई त्याच्यावर!"

ती म्हणायची, धुरा दोन्हीकडून कोरला. मी कोरला नाही. ट्रॅक्टरवाल्यानं कोरला असेल तर मला माहीत नाही. हे मी तिला जन्मभर सांगितलं आणि इथंही लिहून ठेवतो.

धुरा मोडावा असंही तिचं म्हणणं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, मग धुराच काढून टाकू, सगळी पृथ्वी एक करू. ती म्हणाली, "तसं नगा करू. धुरा नसला की जोरवाला सगळंच पेरतो. धुरा पाहिजे. पर त्यो दोघांचा पाहिजे. एकानं घातला की ती भिंत."

ती गेली त्या दिवशी मी ओसरीवर बसून होतो. काही सुचत नव्हतं. बघतो तर किसन बांबू घेऊन आत आला. गावात तिरडी त्याच्यासारखी कोणी बांधत नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, मीही बघितलं नाही. संध्याकाळी आमच्या घरात चूल नाही, तर पिठलं-भाकरी किसनच्या घरून आली. त्याची बायको आमच्या सुनेला कुशीत घेऊन बसली आणि दोघी मोठ्यानं रडल्या. मी भाकरीचा तुकडा मोडला.

आता आमच्यात भावकीला दहा दिवस सुतक. किसन भावकी. म्हणजे ज्याच्याविरुद्ध मी अर्ज टाकला, त्यालाही माझ्या बायकोचं सुतक. तोही दाढी वाढवून रोज सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसायचा. माझ्या शेजारी, त्याच सतरंजीवर. बोलणं नाही. दोघं समोरच्या लिंबाकडं बघत.

अशात मोजणीवाला साहेब आला. मी तारीख साफ विसरलो होतो. मोटारसायकल दारात लावली, पाठीवर यंत्राची पेटी, हातात कागद. भला माणूस होता, घरात काही झालंय हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

"अर्जदार कोण?"

मी हात वर केला.

"सामनेवाले?"

माझ्या शेजारच्या किसननं हात वर केला. साहेब एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं, एकदा सतरंजीकडं बघायला लागला.

"चला मग, दोघंही आहात तर बरं झालं. धुऱ्यावर जाऊ."

"जमणार न्हाई साहेब," किसन म्हणाला. "सुतक हाय."

"कोण गेलं?"

"ह्यांची मालकीण."

"वाईट झालं. ह्यांनी थांबावं. तुम्ही चला, हद्द दाखवा."

"मला बी सुतक हाय."

"अहो, पण तुम्ही तर ह्यांच्या विरोधात आहात ना?"

किसननं सतरंजीची सुरकुती सरळ केली. मग म्हणाला, "विरोधात हाय साहेब. परका न्हाई."

आतल्या खोलीत कोणीतरी बाई हसली. मग दुसरी. सुतकाच्या घरात हसू, म्हणून एक म्हातारी रागावली, तर तिलाही हसू आवरेना. मला वाटतं सून होती आधी हसलेली. साहेबानं कागद घडी करून खिशात ठेवला. "पुन्हा तारीख घ्यावी लागेल," म्हणाला, "सांगा मला, पाहिजे असेल तर." आणि चप्पल काढून, तिच्या फोटोला नमस्कार करून गेला.

त्यानंतर किसन आणि मी परत लिंबाकडं बघत बसलो. पण आता दोघांचे खांदे टेकले होते. कोणी आधी टेकवला ते मला सांगता येणार नाही.

मी मनात म्हटलं, घे, तुझ्या सवालाचं उत्तर सापडलं. ज्याला आपलं सुतक येतं तो आपला. मला बरं वाटलं. चार यत्ता शिकून मी तिला गाठलं, असं वाटलं.

ते उत्तर दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी चुडाव्याकडून रेल्वेनं खलीलभाई आले. पेवाच्या दगडावर सूप घेऊन बसणाऱ्या त्या बाईचे नातू. वय माझ्याएवढं, गुडघे गेलेले, तरी आले. त्यांना कसलं सुतक? धर्म वेगळा, रक्त वेगळं. सुनेनं त्यांच्यासमोर चहा ठेवला, त्यांनी कप बाजूला सारला.

"नक्को बेटी," ते म्हणाले. "खबर आयी उस दिन हमारे घर में बी चुल्हा नै जला. अब्बी दिल नै कर रा."

सुतकाचा धुराही तिनं ओलांडला होता. ती असती तर म्हणाली असती, बघा, परत मोजा. मला आता वाटतं, त्या सवालाला उत्तर नव्हतंच, ती लोकांना मोजायची सवय लावत होती. दर वेळी मोजलं की एखादा माणूस जास्त निघावा, एवढीच तिची हाव. देशाचं मला एवढंच कळतं. मोठी माणसं मोठं बोलतात, त्यांचं त्यांना. पण ज्या देशात दर मोजणीला माणूस वाढतो तो देश चांगला चाललाय, आणि ज्यात घटतो तिथं कोणीतरी पेवात उतरलंय. हे तिनं कधी असं सांगितलं नाही. मी जोडलं.

दहावा झाला. किसननं आणि मी एकाच न्हाव्याकडून डोकं केलं. तेराव्याला जेवणावळ झाली. वाढायला किसनची मुलं होती आणि खलीलभाईही पाट मांडून पंगतीत होते. कोणाला काही वाटलं असेल तर ते बोललं नाही. संध्याकाळी पाहुणे पांगले. मुलगा जवळ येऊन बसला.

"बाबा, मोजणीची तारीख परत घ्यायची का? पेरणीच्या आधी झाली तर बरं."

"सकाळी बघू," मी म्हटलं.

सकाळी मी लवकर उठलो. फावडं आणि टोपलं घेतलं आणि रानात गेलो. धुरा पार खंगला होता, कुठं कुठं तर पाऊल आडवं मावत नव्हतं. मी माझ्या रानातली माती ओढली, टोपलं भरलं आणि धुऱ्यावर ओतलं. मग दुसरं. या वयात कमर लागते. चार टोपल्यांनंतर उभा राहून दम खात होतो, तर पलीकडून किसन आला. त्याचं डोकं माझ्यासारखंच उन्हात चकाकत होतं.

"काय करायलास दादा?"

"धुरा भरायलोय."

"माती तुझ्या रानातली हाय की ती."

"मंग काय परदेशातून आणू?"

तो उकिडवा बसला. धुऱ्याच्या कडेला हात लावून बघितला. मातीचं एक ढेकूळ त्याच्या बाजूला गडगडत गेलं. त्यानं ते उचललं नाही, मला दाखवलं.

"माझ्याकडून खोल हाय. तू तिकडून कितीबी टाकलं तरी हिकडं घसरणार."

"घसरू दे," मी म्हटलं, आणि पुढचं टोपलं भरलं.